रात्रपाळीची वही

खोली क्रमांक अकरा. स्लायगोचा वारा
खिडकीच्या फटीतून शीळ घालतो.
रात्री दोन वाजता मी वहीत लिहिते:
शी स्लीप वेल.
अंधारातून टर्लो मॅकगोल्ड्रिक विचारतात,
"काय लिहिलंस माझ्याबद्दल? दाखव."

दिवा. चष्मा. उशाखालची
बोटभर उरलेली पेन्सिल.
चाळीस वर्षं जिल्ह्याच्या साप्ताहिकात
मुद्रितं तपासलेला माणूस;
गुरांचे भाव, मृत्युवार्ता, हरवलेली कुत्री,
सगळं त्यांच्या नजरेखालून गेलेलं.

"तीन शब्द, नाझिको, आणि तीन चुका.
पहिली, मी बाई नाही.
दुसरी, झोप होऊन गेली असेल
तर क्रियापदालाही कळू दे.
तिसरी,
मी झोपलोच नव्हतो."

कसं सांगू त्यांना, आमच्या जॉर्जियन भाषेत
तो आणि ती एकाच शब्दात नांदतात.
आमच्या लिपीत मोठं अक्षर नाही,
वाक्याच्या उंबऱ्यावर कुणी पागोटं बांधून उभं राहत नाही.
आणि 'अ', आणि 'द'!
भाजीत मीठ घालावं तसे मी ते अंदाजाने घालायचे,
कधी अळणी, कधी खारट.

मग रोजचंच झालं.
दोनला मी लिहायचं, सव्वादोनला त्यांनी खोडायचं,
सहाला उरलेलं संगणकात उतरवायचं.
मी लिहिलं, मूड नाइस होता.
"नाइस बिस्किट असतं. माझं काय होतं?"
मी पुन्हा लिहिलं: अर्धा चहा सोडला,
बायकोच्या फोटोची काच बाहीने पुसली.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "इथे 'द' हवा.
फोटो एकच आहे."

सातच्या बसमध्ये मांडीवर वही घेऊन
मी दहा ओळी घोटायचे:
पावाची गाडी, ओला सीगल,
ड्रायव्हरचा एकच हातमोजा.
रुस्तावीहून मुलगा हसायचा,
"आई, तू हल्ली मेसेजमध्येही पूर्णविराम देतेस.
रागावलीस की काय असं वाटतं."

फेब्रुवारीत एका रात्री लिहिलं,
चार तास ते शांत झोपले.
ही. स्लेप्ट. सगळं जागच्या जागी.
माझं मलाच कौतुक वाटलं.
त्यांनी पेन्सिल घेतली,
'ही' खोडून 'शी' केलं,
'स्लेप्ट'चं 'स्लीप'.
मी विनोदाची वाट पाहिली.
वारा शीळ घालत राहिला.
विनोद आला नाही.

दुसऱ्या रात्रीही तसंच. तिसऱ्याही.

मोठ्या नर्सबाई म्हणाल्या, नोंद कर,
डॉक्टरांना कळायला हवं.
मी लिहिलं, गोंधळलेले. खोडलं.
लिहिलं, पूर्वीसारखे नाहीत. खोडलं.
शिक्का मारू नकोस, पाहिलंस ते लिही,
हे मला शिकवलं होतं कुणी?
चौथ्या खेपेला वाक्य उतरलं,
इंग्रजीत, प्रत्येक 'अ' आपापल्या पाटावर बसलेला:
रात्री दोन वाजता श्री. मॅकगोल्ड्रिक यांनी
एक बिनचूक वाक्य दुरुस्त केलं.

इतकं सरळ वाक्य
मी आजवर कुठल्याच परक्या भाषेत लिहिलं नव्हतं.
वही मिटणार, तेवढ्यात
"काय लिहिलंस माझ्याबद्दल? दाखव."

लपवता आली असती.
दाखवली.

शब्दाशब्दाखाली बोट धरून वाचलं त्यांनी,
एकदा, मग पुन्हा,
जिल्ह्यातल्या कुणाची मृत्युवार्ता
छपाईला सोडण्याआधी वाचत असतील तसं.
मग 'दोन वाजता' नंतर
एक स्वल्पविराम टोचला.
"हं," म्हणाले, "आता जाऊ दे."

तो तिथे हवा होता की नको,
व्याकरणाच्या पुस्तकात मी अजून पाहिलेलं नाही.
सहा वाजता संगणकात
जसाच्या तसा उतरवला.